स्पॅस्टिसिटी चिकित्सालय

स्पॅस्टिसिटी चिकित्सालय म्हणजे मेंदू किंवा मज्जारज्जूच्या इजेमुळे स्नायूंमध्ये आलेल्या ताठरतेची तपासणी, मोजमाप आणि उपचार एकाच ठिकाणी करणारे विशेष बाह्यरुग्ण केंद्र होय. सेरेब्रल पाल्सी, पक्षाघात, मज्जारज्जूची इजा, डोक्याला झालेली दुखापत आणि मल्टिपल स्क्लेरोसिस या विकारांचे रुग्ण तेथे प्रामुख्याने येतात. अशा केंद्राला स्वतंत्र इमारत असतेच असे नाही. अनेक रुग्णालयांत ते आठवड्याच्या ठरावीक दिवशी भरते आणि वेगवेगळ्या शाखांचे तज्ज्ञ त्या दिवशी एकत्र बसून रुग्ण पाहतात.

नागपूर हे विदर्भातील तसेच लगतच्या मध्य प्रदेश व छत्तीसगडमधील रुग्णांचे मोठे उपचारकेंद्र आहे. दूरवरून येणारे रुग्ण, कडक उन्हाळा आणि या भागातील काही विशिष्ट आजार यांमुळे येथे अशा चिकित्सालयाची आखणी करताना सर्वसाधारण नियमांबरोबरच स्थानिक बाबींचाही विचार करावा लागतो.

ताठरतेचे स्वरूप

निरोगी शरीरात मेंदूकडून मज्जारज्जूकडे येणारे संदेश स्नायूंच्या प्रतिक्षिप्त क्रियांवर नियंत्रण ठेवतात. हे मार्ग बाधित झाल्यास नियंत्रण सुटते आणि स्नायू ताणला जाताच तो प्रमाणाबाहेर आकुंचन पावतो. अवयव जितक्या वेगाने हलवावा तितका विरोध वाढतो, हे स्पॅस्टिसिटीचे मुख्य लक्षण आहे. जेम्स लान्स यांनी १९८० मध्ये मांडलेली व्याख्या याच वेगावलंबी गुणधर्मावर आधारलेली असून ती आजही वापरली जाते. पार्किन्सन आजारात दिसणारी ताठरता वेगावर अवलंबून नसते, म्हणून ती वेगळी मानली जाते.

ताठरता दीर्घकाळ राहिल्यास स्नायू व कंडरा आखूड होतात आणि सांधा एकाच स्थितीत जखडतो. या अवस्थेला काँट्रॅक्चर म्हणतात. ताठरता औषधाने कमी होऊ शकते, परंतु पक्के झालेले काँट्रॅक्चर औषधाने सुटत नाही. त्यासाठी प्लास्टर किंवा शस्त्रक्रिया लागते. त्यामुळे रुग्ण चिकित्सालयात किती लवकर पोहोचतो याला मोठे महत्त्व आहे.

ताठरता नेहमीच अपायकारक नसते. पायांत पुरेसे बळ नसलेल्या काही व्यक्ती मांडीच्या ताठ स्नायूंच्या आधारानेच उभ्या राहतात किंवा खाटेवरून खुर्चीवर सरकतात. अशा व्यक्तीची ताठरता सरसकट कमी केल्यास तिचे उभे राहणेच बंद होऊ शकते. म्हणून ताठरता आहे एवढ्यावरून उपचार सुरू केला जात नाही. तिच्यामुळे नेमके कोणते काम अडते हे आधी पाहिले जाते.

इतिहास

इंग्लंडमधील शल्यविशारद विल्यम जॉन लिटल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लहान मुलांमधील ताठरतेचे सविस्तर वर्णन केले. पुढे बराच काळ हा विकार लिटलचा आजार म्हणून ओळखला जात असे. ताठरता कमी करण्यासाठी मज्जारज्जूकडे जाणारी संवेदी मुळे छेदण्याची शस्त्रक्रिया जर्मन वैद्य ओटफ्रिड फर्स्टर यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी केली. निवडक मुळेच छेदण्याची तिची सुधारित पद्धत वॉरविक पीकॉक यांनी १९८० च्या दशकात रूढ केली.

बॅक्लोफेन हे औषध १९६२ मध्ये अपस्मारावरील उपाय म्हणून तयार करण्यात आले. अपस्मारावर ते फारसे उपयोगी ठरले नाही, मात्र ताठरतेवर गुणकारी आढळले. ते थेट मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात सोडण्याची पद्धत रिचर्ड पेन व जेफ्री क्रोइन यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केली. बोट्युलिनम टॉक्सिनला अमेरिकेत १९८९ मध्ये प्रथम तिरळेपणा व पापण्यांच्या आकडीसाठी मान्यता मिळाली. त्यानंतर हातापायांच्या ताठरतेसाठी त्याचा वापर वाढत गेला. टोचणीसाठी रुग्णाची निवड, मोजमाप आणि त्यानंतरचा व्यायाम यांची सांगड घालणे आवश्यक झाल्याने स्वतंत्र स्पॅस्टिसिटी चिकित्सालयांची कल्पना रुजली.

भारतात मुंबईतील हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक वैद्यक व पुनर्वसन संस्था १९५५ पासून या क्षेत्रात कार्यरत आहे. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांच्या शिक्षणासाठी मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडियाची स्थापना केली. ही संस्था आता अडॅप्ट या नावाने ओळखली जाते. ‘स्पॅस्टिक’ हा शब्द व्यक्तीसाठी वापरणे कालांतराने अवमानकारक मानले जाऊ लागले. ब्रिटनमधील समनामी संस्थेनेही १९९४ मध्ये स्कोप हे नाव घेतले. वैद्यकीय लेखनात ‘स्पॅस्टिसिटी’ हा शब्द लक्षणाचे नाव म्हणून टिकून आहे.

नागपूर व विदर्भातील परिस्थिती

नागपूरमध्ये १९४७ मध्ये स्थापन झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय लोकांत ‘मेडिकल’ या नावाने, तर इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ‘मेयो’ या नावाने ओळखले जाते. मिहान परिसरातील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे शैक्षणिक कार्य २०१८ मध्ये सुरू झाले. वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम येथे १९६९ पासून महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था आहे. या संस्थांमुळे मज्जाविकार, अस्थिव्यंगोपचार, बालरोग आणि पुनर्वसन या शाखांचे तज्ज्ञ या परिसरात उपलब्ध आहेत. नागपूरच्या मेडिकलमध्ये भौतिकोपचार व व्यवसायोपचार यांचे शिक्षणही दिले जाते.

नागपूरला येणाऱ्या रुग्णांमध्ये सर्वत्र आढळणाऱ्या कारणांखेरीज पुढील कारणेही लक्षात घ्यावी लागतात.

सिकलसेल आजार: विदर्भात या आनुवंशिक रक्तविकाराचे प्रमाण अधिक आहे. त्यात मेंदूच्या रक्तवाहिन्या बाधित होऊन लहान वयातही पक्षाघात होऊ शकतो. अर्ध्या अंगाची ताठरता घेऊन आलेल्या मुलाची सिकलसेल तपासणी झालेली नसल्यास ती करणे आवश्यक ठरते, कारण मूळ आजारावर उपचार न झाल्यास पुन्हा पक्षाघात होण्याचा धोका असतो.

लॅथिरिझम: लाखोळीची डाळ अनेक महिने आहाराचा मुख्य भाग राहिल्यास दोन्ही पायांत कायमची ताठरता येऊ शकते. हा विकार प्रामुख्याने दुष्काळाच्या काळात दिसून आला. विल्यम स्लीमन यांनी १८४४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सागर भागातील अशा साथीचे वर्णन आहे. हा भाग पुढे नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात समाविष्ट झाला. रुग्णाला चालताना काठी लागत नाही, एक काठी लागते, दोन काठ्या लागतात की तो सरपटतो, यावरून या विकाराचे टप्पे ठरवले जातात. डाळीच्या विक्रीवर १९६१ मध्ये निर्बंध आले. पुढे कमी विषद्रव्य असलेले वाण विकसित झाले आणि निर्बंधांविषयी मतभेदही झाले. नवे रुग्ण आता क्वचितच आढळतात. तथापि दोन्ही पाय ताठ असलेल्या वयस्कर ग्रामीण रुग्णाला पूर्वीच्या आहाराविषयी विचारले जाते.

मणक्याचा क्षयरोग: यात मज्जारज्जूवर दाब येऊन पाय ताठ होतात. वेळीच निदान झाल्यास औषधे व आवश्यक तेथे शस्त्रक्रिया यांनी बरीच सुधारणा होऊ शकते. त्यामुळे ताठरतेचे कारण निश्चित झालेले नसलेल्या रुग्णावर केवळ ताठरतेचा उपचार सुरू करणे धोक्याचे मानले जाते.

जागा व इमारत

चिकित्सालय तळमजल्यावर असणे सोयीचे असते. चाकाच्या खुर्चीसाठी उताराचे प्रमाण १:१२ पेक्षा तीव्र नसावे आणि दरवाजाची मोकळी रुंदी सुमारे ९०० मिमी असावी, असे सुगम्य इमारतींचे मानक आहे. स्वच्छतागृहात खुर्ची वळवण्यास जागा व भिंतीला धरण्याचे दांडे लागतात. तपासणीचा पलंग रुंद आणि उंची कमी-जास्त करता येणारा असल्यास प्रौढ रुग्णाला उचलावे लागत नाही. रुग्णाची चाल पाहण्यासाठी सरळ, अडथळा नसलेली पट्टी, मुलांसाठी जमिनीवर गादी आणि टोचणीसाठी वेगळी खोली ही किमान गरज होय.

नागपुरात मे महिन्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकते. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांची लक्षणे उष्णतेने तात्पुरती वाढतात. प्लास्टर घातलेल्या मुलांना घाम व खाज यांचा त्रास होतो. त्यामुळे प्रतीक्षाकक्ष थंड ठेवणे, सकाळच्या वेळा देणे आणि शक्य असल्यास दीर्घ मुदतीचे प्लास्टर उन्हाळ्याबाहेर ठेवणे उपयुक्त ठरते.

मनुष्यबळ

चिकित्सालयाचे नेतृत्व सहसा भौतिक वैद्यक व पुनर्वसन तज्ज्ञ किंवा मज्जाविकारतज्ज्ञ करतो. त्यांच्यासोबत पुढील व्यक्ती असतात.

– अस्थिव्यंगोपचारतज्ज्ञ: काँट्रॅक्चर, खुब्याचे सरकणे व शस्त्रक्रियेची वेळ यांविषयी निर्णय.
– बालरोगतज्ज्ञ: मुलांचे पोषण, झटके व विकास.
– भौतिकोपचारतज्ज्ञ: मोजमाप, ताण देण्याचे व बळ वाढवण्याचे व्यायाम.
– व्यवसायोपचारतज्ज्ञ: जेवण, कपडे, लेखन यांसारख्या दैनंदिन कामांचा सराव.
– ऑर्थोटिस्ट: पायाचे व हाताचे आधार, म्हणजे स्प्लिंट व कॅलिपर, तयार करणे.
– परिचारिका व समाजसेवा अधीक्षक: औषधांची नोंद, घरच्यांचे प्रशिक्षण, प्रमाणपत्रे व योजनांची माहिती.

सर्व तज्ज्ञ दर आठवड्यास मिळणे अवघड असल्यास भौतिकोपचारतज्ज्ञ व एक प्रशिक्षित डॉक्टर यांनी साप्ताहिक तपासणी करावी आणि शस्त्रक्रियेचा प्रश्न असलेले रुग्ण महिन्यातून एकदा एकत्र पाहावेत, अशी व्यवस्था करता येते.

साधने व परवानग्या

मोजमापासाठी कोनमापक, मोजपट्टी व चित्रीकरणाची सोय पुरेशी असते. टोचणी योग्य स्नायूतच जावी यासाठी विद्युत उत्तेजक, ईएमजी किंवा सोनोग्राफी यंत्राचा आधार घेतला जातो. भारतात सोनोग्राफी यंत्र स्नायू पाहण्यासाठी वापरायचे असले तरी गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखाली, म्हणजे १९९४ च्या पीसीपीएनडीटी कायद्याखाली, नोंदणी करावी लागते. सुया, बोळे व उरलेल्या औषधाची विल्हेवाट जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार लावणे बंधनकारक आहे. तीव्र ॲलर्जीवरील औषधे, प्राणवायू व श्वसनाची साधने टोचणीच्या खोलीत हाताशी ठेवावी लागतात.

बोट्युलिनम टॉक्सिन सामान्यतः २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात साठवतात. त्यासाठी तापमानाची दैनिक नोंद ठेवलेला शीतकपाट आणि वीज गेल्यास पर्यायी व्यवस्था आवश्यक असते. खरेदी केल्यापासून टोचेपर्यंत औषध थंड राहिले पाहिजे. रुग्णाने ते बाहेरच्या दुकानातून आणायचे असल्यास बर्फाच्या डब्यातूनच आणण्याची स्पष्ट सूचना द्यावी लागते.

कार्यपद्धती

पहिल्या भेटीत मूळ आजाराचे निदान पडताळले जाते. त्यानंतर ताठरता वाढवणारे कारण शोधले जाते. मूत्रमार्गाचा संसर्ग, बद्धकोष्ठता, शय्याव्रण, बोटात रुतलेले नख, घट्ट कॅलिपर किंवा न सापडलेले हाडाचे मोडणे यांपैकी कोणत्याही कारणाने ताठरता एकाएकी वाढू शकते. हे कारण दूर केल्यास कधीकधी औषध वाढवण्याची गरजच उरत नाही. मज्जारज्जूची इजा झालेल्या व्यक्तीला संवेदना नसल्याने वेदना जाणवत नाही आणि वाढलेली ताठरता हाच आजाराचा इशारा असू शकतो.

मोजमापासाठी सुधारित ॲशवर्थ श्रेणी सर्वाधिक वापरली जाते. मूळ श्रेणी १९६४ मधील असून रिचर्ड बोहॅनन व मेलिसा स्मिथ यांनी १९८७ मध्ये तिच्यात सुधारणा केली.

० – ताण वाढलेला नाही.
१ – किंचित वाढ. हालचालीच्या अखेरीस अडखळ किंवा हलका विरोध.
१+ – किंचित वाढ. अडखळीनंतर उरलेल्या निम्म्याहून कमी टप्प्यात हलका विरोध.
२ – बहुतेक टप्प्यात स्पष्ट वाढ, तरी अवयव सहज हलतो.
३ – लक्षणीय वाढ; अवयव हलवणे अवघड.
४ – अवयव वाकलेल्या किंवा ताठ स्थितीत घट्ट.

ही श्रेणी सोपी असली तरी ताठरता व काँट्रॅक्चर यांतील फरक तिच्याद्वारे स्पष्ट होत नाही. त्यासाठी टार्डिअू श्रेणीत सांधा आधी संथपणे व नंतर वेगाने हलवून दोन्ही वेळचे कोन नोंदवतात. दोन कोनांतील अंतर मोठे असल्यास ताठरतेचा वाटा जास्त आणि औषधाचा उपयोग होण्याची शक्यता अधिक असते. अंतर अल्प असल्यास सांधा आखूड झालेल्या कंडरेमुळे अडलेला असतो. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांची हालचालक्षमता १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाच स्तरांच्या जीएमएफसीएस वर्गीकरणाने नोंदवली जाते. तीव्र स्तरांतील मुलांच्या खुब्याचे क्ष-किरण चित्र ठरावीक काळाने काढणे महत्त्वाचे असते, कारण खुबा वेदना होण्यापूर्वीच सांध्याबाहेर सरकू लागतो.

यानंतर रुग्ण व कुटुंबीय यांच्यासोबत उपचाराचे उद्दिष्ट लिहून ठेवले जाते. ‘हात सुधारणे’ असे मोघम उद्दिष्ट उपयोगाचे नसते. मूठ उघडून तळवा धुता येणे, शी-शूच्या वेळी मांड्या वेगळ्या करता येणे, मांडी घालून जेवायला बसणे, चप्पल पायात टिकणे किंवा एसटीची पायरी चढणे अशी मोजता येणारी कामे निवडली जातात. टॉमस किरेसुक व रॉबर्ट शर्मन यांच्या १९६८ च्या पद्धतीनुसार उद्दिष्टपूर्ती –२ ते +२ या अंकांत नोंदवता येते. चालण्याची शक्यता नसलेल्या रुग्णाच्या बाबतीत वेदना कमी होणे व शुश्रूषा सुलभ होणे हेही पूर्ण उद्दिष्ट मानले जाते.

उपचार

व्यायाम, योग्य बसणे-झोपणे आणि आधार-साधने हा सर्व उपचारांचा पाया आहे. औषधाने स्नायू सैल झाल्यावर तो ताणला व वापरला नाही, तर मिळालेला लाभ टिकत नाही.

तोंडावाटे द्यायच्या औषधांत बॅक्लोफेन, टिझानिडीन व डायझेपाम प्रमुख आहेत. ताठरता सर्वांगात असल्यास त्यांचा उपयोग होतो. मात्र गुंगी व अशक्तपणा हे दुष्परिणाम संभवतात. टिझानिडीन घेणाऱ्यांच्या यकृताची तपासणी करावी लागते. बॅक्लोफेन अचानक बंद केल्यास झटके, भ्रम व तीव्र ताठरता उद्भवून जिवाला धोका होऊ शकतो. गावात हे औषध मिळत नसल्यास आणि पुढील भेट लांबल्यास हा प्रसंग ओढवतो. म्हणून पुरेसा साठा देणे आणि गोळ्या संपण्यापूर्वी काय करावे हे मराठीत लिहून देणे हा चिकित्सालयाच्या कामाचा आवश्यक भाग आहे.

मोजक्याच स्नायूंत ताठरता असल्यास बोट्युलिनम टॉक्सिन टोचतात. परिणाम काही दिवसांत दिसू लागतो, सुमारे ४ ते ६ आठवड्यांत सर्वाधिक होतो आणि साधारण ३ ते ४ महिने टिकतो. दोन टोचण्यांमध्ये सहसा किमान १२ आठवडे अंतर ठेवतात. निरनिराळ्या कंपन्यांच्या औषधांचे युनिट समान नसतात. त्यामुळे नोंदीत औषधाचे नाव व युनिट दोन्ही लिहिणे आवश्यक असते. गिळण्यास किंवा श्वसनास त्रास असलेल्या मुलांमध्ये विशेष दक्षता घेतली जाते.

फिनॉलचे ५ ते ७ टक्के द्रावण मज्जातंतूजवळ टोचून त्याचे वहन थांबवणे हा जुना व स्वस्त उपाय आहे. मांड्या जवळ ओढणाऱ्या स्नायूंच्या ताठरतेत त्याचा चांगला उपयोग होतो. संवेदी तंतू असलेल्या ठिकाणी मात्र दीर्घकाळ जळजळ होऊ शकते, म्हणून जागेची निवड व कौशल्य यांना महत्त्व असते. टोचणीनंतर दर आठवड्याला बदलत जाणारे प्लास्टर घालून सांधा क्रमाने सरळ करतात. याने पुरेसा लाभ न झाल्यास कंडरा लांब करणे, बॅक्लोफेनचा पंप बसवणे किंवा निवडक संवेदी मुळे छेदणे या शस्त्रक्रियांचा विचार होतो.

पाठपुरावा

टोचणीनंतर २ ते ३ आठवड्यांनी प्लास्टर किंवा आधार-साधन तपासले जाते, ४ ते ६ आठवड्यांनी परिणाम मोजला जातो आणि १२ आठवड्यांच्या सुमारास पुढचा निर्णय होतो. गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूर, बालाघाट किंवा छिंदवाडा येथील कुटुंबाला अशा प्रत्येक भेटीसाठी दिवसभराची मजुरी सोडावी लागते. त्यामुळे सर्व तपासण्या एकाच दिवशी ठेवणे, व्यायाम स्थानिक भौतिकोपचारतज्ज्ञाकडे सोपवणे आणि मधली भेट दूरध्वनीवरील दृश्यसंवादाने घेणे सोयीचे ठरते. भारतात मार्च २०२० मध्ये जाहीर झालेल्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांमुळे अशा सल्ल्याला स्पष्ट चौकट मिळाली आहे. घरी व्यायाम करवून घेणारी व्यक्ती बहुधा आई किंवा पत्नी असते. तिच्या पाठीचे दुखणे व थकवा यांची विचारपूस न झाल्यास ठरलेला कार्यक्रम घरात चालू राहत नाही.

खर्च व शासकीय योजना

बोट्युलिनम टॉक्सिनच्या एका कुपीला हजारो रुपये लागतात आणि परिणाम तात्पुरता असल्याने खर्च पुन्हा करावा लागतो. त्यामुळे कोणत्या रुग्णाला फिनॉल, प्लास्टर किंवा गोळ्या पुरतील हे ठरवणे हा आर्थिक निर्णयही असतो.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये समाविष्ट २१ प्रकारांत सेरेब्रल पाल्सी, मल्टिपल स्क्लेरोसिस व सिकलसेल आजार यांचा अंतर्भाव आहे. किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असल्यास विविध सवलतींसाठी पात्रता मिळते आणि यूडीआयडी हे वैश्विक ओळखपत्र काढता येते. राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ खालील ‘निरामय’ योजनेत सेरेब्रल पाल्सी असलेल्या व्यक्तीला १ लाख रुपयांपर्यंतचे आरोग्यविमा संरक्षण असून त्यात थेरपीचाही समावेश आहे. केंद्र सरकारच्या ॲडिप योजनेतून कॅलिपर व चाकाच्या खुर्च्या दिल्या जातात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत तपासणी पथके व जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रे लहान मुलांना पुढील उपचारासाठी पाठवू शकतात.

मर्यादा व मतभेद

टोचणीमुळे स्नायूंचा ताण कमी होतो याविषयी पुरेसे पुरावे आहेत. मात्र त्यामुळे हाताचा प्रत्यक्ष वापर किंवा चाल किती सुधारते याविषयीचे निष्कर्ष संमिश्र आहेत. वाढत्या वयातील मुलांमध्ये वारंवार टोचण्यांनी स्नायू बारीक होतात का, हा संशोधनाचा विषय आहे. महागडे औषध वाया जाऊ नये म्हणून एक कुपी एकाच दिवशी दोन रुग्णांसाठी वापरण्याचा प्रघात काही ठिकाणी आहे, तर औषधाच्या माहितीपत्रकात कुपी एकाच रुग्णासाठी वापरण्याची सूचना असते. जंतुसंसर्गाचा धोका व खर्च यांतील हा पेच सुटलेला नाही.

सेरेब्रल पाल्सी बरी करण्याचा दावा करणाऱ्या मूलपेशी उपचारांवर अनेक कुटुंबे मोठा खर्च करतात. भारताच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार या आजारात असा उपचार मान्यताप्राप्त वैद्यकीय चाचणीबाहेर देणे योग्य नाही. मेंदूची मूळ इजा कोणत्याही उपलब्ध उपचाराने भरून येत नाही, हे पहिल्याच भेटीत स्पष्टपणे सांगणे आणि त्याचबरोबर वेदना, स्वच्छता, बसणे व शाळेत जाणे यांत काय साध्य होऊ शकते ते दाखवणे ही स्पॅस्टिसिटी चिकित्सालयाची जबाबदारी मानली जाते.

हे सुद्धा पहा

– सेरेब्रल पाल्सी
– पक्षाघात
– लॅथिरिझम
– सिकलसेल आजार
– भौतिकोपचार
– दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६